वाचकांचे प्रश्न : माइक बंद करण्याचा नियम कोणासाठी?

प्रश्न : २०२४ साली अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या उमेदवारांची दूरचित्रवाणीवरील चर्चा पाहिली. एक जण बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद, समोर प्रेक्षक नाहीत, घरून लिहून आणलेली टिपणेही चालत नाहीत. लोकशाहीत वादावर इतकी बंधने असावीत का? — एक वाचक, सातारा

उत्तर : माइक बंद ठेवण्याला माझा आक्षेप नाही. २९ सप्टेंबर २०२० रोजी क्लीव्हलँड येथे ट्रम्प आणि बायडेन समोरासमोर आले तेव्हा मध्येच बोलण्याचा, त्यातही ट्रम्प यांच्या बोलण्याचा, इतका अतिरेक झाला की धड एकही उत्तर ऐकू येईना. म्हणून २२ ऑक्टोबरला नॅशव्हिल येथे प्रत्येक विषयाच्या आरंभी एका उमेदवाराची दोन मिनिटे चालू असेपर्यंत दुसऱ्याचा माइक बंद ठेवण्यात आला आणि निदान तेवढा वेळ तरी ऐकणाऱ्याच्या पदरात पडला. हा नियम श्रोत्यासाठी होता.

काळजी वाटावी असे नियम मात्र बहुधा पडद्यावर दिसत नाहीत. १९७६ पासून या चर्चा 'लीग ऑफ विमेन व्होटर्स' ही पक्षनिरपेक्ष संघटना भरवत असे. १९८८ साली दोन्ही उमेदवारांच्या प्रचारप्रमुखांनी आपसात सोळा पानांचा करार करून तो तयार स्वरूपात तिच्यापुढे ठेवला. प्रश्न विचारणारे पत्रकार कोण, सभागृहात बसणार कोण, हेही उमेदवारच ठरवू पाहत होते. मतदारांच्या फसवणुकीत आपण सहभागी होणार नाही, असे सांगून लीगने अंग काढून घेतले. माझ्या मते तो निर्णय धैर्याचा होता. त्यानंतर सूत्रे 'कमिशन ऑन प्रेसिडेन्शियल डिबेट्स' या ज्या चर्चा आयोगाकडे गेली, तो दोन्ही मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनीच १९८७ साली स्थापन केला होता.

पुढे २००४ च्या बुश–केरी चर्चांसाठी झालेला करार बत्तीस पानांचा होता. उमेदवारांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायचे नाहीत, ही त्यातील अट मला सर्वांत गंभीर वाटते, कारण प्रतिस्पर्ध्याला प्रश्न विचारता येणार नसेल तर त्या कार्यक्रमाला वाद का म्हणावे? सामान्य मतदारांच्या सभेतही प्रश्न आधी लिहून द्यायचा होता आणि प्रश्नकर्त्याने त्यापेक्षा वेगळे काही विचारल्यास सूत्रसंचालकाने त्याला तिथेच थांबवायचे होते. एक जण बोलत असताना दुसऱ्याची मुद्रा दाखवू नये, अशीही अट होती. वाहिन्यांनी ती जुमानली नाही, आणि ते योग्यच झाले.

तिसऱ्या उमेदवाराची वाट तर दारातच अडते. रॉस पेरो यांना १९९२ साली चर्चेत स्थान मिळाले आणि मतदानात त्यांना सुमारे १९ टक्के मते पडली. १९९६ साली त्यांना वगळण्यात आले. २००० पासून आयोगाने राष्ट्रीय जनमत चाचण्यांत सरासरी १५ टक्के पाठिंबा असण्याची अट घातली. पण ज्याला कोणी ऐकलेलेच नाही, त्याने हा पाठिंबा आधी मिळवायचा कसा?

प्रश्न : हे नियम कायद्याने का ठरवत नाहीत? — त्याच वाचकाचा उपप्रश्न

उत्तर : चर्चेला येणे उमेदवाराच्या मर्जीवर आहे, म्हणून. १९६० साली केनेडी आणि निक्सन यांची चर्चा व्हावी यासाठी अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, वाहिन्यांनी सर्व उमेदवारांना समान वेळ देण्याची तरतूद तात्पुरती स्थगित करावी लागली होती. पुढे १९६४, १९६८ आणि १९७२ या तिन्ही निवडणुकांत अध्यक्षपदाच्या प्रमुख उमेदवारांची अशी चर्चा झालीच नाही. १९८० साली अपक्ष जॉन अँडरसन यांना बोलावले म्हणून अध्यक्ष कार्टर पहिल्या चर्चेला आले नाहीत. न येण्याची मुभा हाताशी असली की अटी मान्य करून घेणे सोपे जाते. २०२४ साली तर दोन्ही बाजूंनी आयोगालाही वगळून थेट वाहिन्यांशीच बोलणी केली.