अन्नातली भेसळ, तिचा नफा आणि फौजदारी कायदा : मुलीने नेमकं काय शिकावं?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका प्रकल्पासाठी दूधभेसळीवर वाचता वाचता तिने ठरवून टाकलं, की पुढे अन्नउद्योगाचं अर्थशास्त्र आणि त्यातला फौजदारी कायदा हेच शिकायचं. तिचे वडील म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ आणि तुम्ही विचारताय, असा अभ्यासक्रम असतो का आणि त्यावर पोट भरतं का?

हुबेहूब या नावाची पदवी शोधायच्या नादी लागू नका. वडिलांची भीती मात्र मला अर्धीच पटते. हे दोन विषय मुलीने हौसेने एकत्र बांधलेले नाहीत, या धंद्यातले गुन्हेच तसे असतात.

चीनमध्ये 2008 साली उघडकीला आलेलं मेलामाइनचं प्रकरण बघा. बहुधा तिने वाचलंही असेल. दुधात पाणी घातलं की प्रथिनं घटतात आणि दूध नाकारलं जातं. पण तेव्हाची नेहमीची चाचणी प्रथिनं थेट मोजत नव्हती. ती नायट्रोजन मोजायची आणि आलेल्या आकड्याला सहाहून थोड्या मोठ्या ठरावीक संख्येने गुणून प्रथिनांचा अंदाज काढायची. मेलामाइन हे प्लास्टिकसाठी लागणारं रसायन, आणि त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. त्यामुळे पाणीदार दुधात एक ग्रॅम मेलामाइन पडलं, की कागदावर चार ग्रॅमहून जास्त प्रथिनं वाढलेली दिसत. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. पुढे दोघांना मृत्युदंड झाला आणि एका मोठ्या दूध कंपनीच्या माजी अध्यक्षांना जन्मठेप.

पैसे मिळत होते प्रथिनांचे, तपासणी होत होती नायट्रोजनची. सगळा नफा या दोहोंमधल्या फटीत होता. अशी फट कुठे आहे, तिच्यात कोणाला किती सुटतात आणि पकडलं जाण्याची धास्ती किती, हे अर्थशास्त्र सांगतं. कोणाला माहीत होतं, कोणी काणाडोळा केला आणि ते न्यायालयात टिकेल का, हे बघायचं काम फौजदारी कायद्याचं.

अर्थशास्त्राचा पाया तिच्याकडे आहेच. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने 1968 साली गुन्ह्याचा हिशेब मांडला : शिक्षा किती कडक एवढंच नव्हे, तर सापडण्याची शक्यता किती, हेही गुन्हेगार जोखतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने 1970 साली दाखवलं, की मालाचा दर्जा फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असेल तर चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. अन्नाचं दुखणं त्याहून मोठं. कित्येकदा खाऊन झाल्यावरही दर्जा कळत नाही. पदार्थ सेंद्रिय होता की नाही, हे कुठल्याच जिभेला सांगता येणार नाही.

कायद्यातली मेख आहे ती हेतूची. अमेरिकेत एका किराणा साखळीच्या बाल्टिमोरमधल्या गोदामात उंदरांचा सुळसुळाट झाला, आणि खटला भरला गेला कंपनीबरोबरच तिच्या अध्यक्षांवर, पार्क यांच्यावर. त्यांचं म्हणणं, मी हाताखालच्यांना काम सोपवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली ते मानलं नाही. प्रसंग टाळण्याचा किंवा निस्तरण्याचा अधिकार तुमच्या हातात होता ना, मग गुन्हेगारी जबाबदारीही तुमची, गैरकृत्य जाणूनबुजून केल्याचं सिद्ध करायची गरज नाही, असा निकाल लागला. दंड किती? एकूण 250 डॉलर! आता त्याच देशातला एक शेंगदाणा प्रक्रिया करणारा कारखानदार पाहा. 2008-09 मध्ये त्याच्या मालातून साल्मोनेला हा पोटाचा आजार करणारा जिवाणू पसरला, नऊ माणसं गेली, आणि 2015 साली त्याला 28 वर्षांची कैद झाली. कारण तिथे नुसता निष्काळजीपणा नव्हता. दूषित माल जाणूनबुजून धाडला होता आणि सोबत खोटे तपासणी दाखले जोडले होते. हा मधला पल्ला समजला तर तिला या कायद्याचं निम्मं मर्म कळलं म्हणायचं.

शिवाय गुन्हा व्हायला कोणी आजारी पडावंच लागतं असं नाही. युरोपात 2013 साली गोमांस म्हणून घोड्याचं मांस विकलं गेलं. रुमानियातल्या कत्तलखान्यांतून निघालेला माल कागदोपत्री सायप्रस, नेदरलँड्स, फ्रान्स असा फिरत लक्झेंबर्गच्या कारखान्यात पोहोचला. प्रकृतीचा प्रश्न जवळजवळ नव्हताच, होती ती निव्वळ फसवणूक. अशा ठिकाणी तपास करणारा बीजकं पसरून बसतो आणि साधा प्रश्न विचारतो : आत किती माल आला, बाहेर किती गेला? शंभर किलो घेऊन दीडशे किलो विकलेत, तर वरचे पन्नास आले कुठून?

आणि भेसळीपलीकडेही बघायला सांगा. 1990च्या दशकात पशुखाद्यात घालायच्या लायसिन या पोषक घटकाचे भाव काही बड्या कंपन्यांनी संगनमताने ठरवले. त्यांच्या बैठका तपासयंत्रणेने गुपचूप चित्रित केल्या. 1996 साली त्यांतल्या एका अमेरिकी कंपनीने लायसिन आणि सायट्रिक आम्ल या दोन्ही प्रकरणांत गुन्हा कबूल करून 10 कोटी डॉलर दंड भरला, पुढे तिचे अधिकारी तुरुंगात गेले. संगनमत नसतं तर भाव किती असता, हा अशा खटल्यांतला कळीचा प्रश्न. त्याचं उत्तर वकील नव्हे, अर्थतज्ज्ञ देतो. मला विचाराल तर तुमच्या मुलीला सगळ्यात शोभेल ती ही शाखा. गर्दीही इथे कमी आहे.

तेव्हा माझं स्पष्ट मत : पदवीनंतर तिने कायद्याची पूर्ण पदवी घ्यावी. अर्थशास्त्रात पुढे शिकलं तरी चालेल, पण कायद्याच्या पदवीवाचून खटला चालवता येत नाही. अर्थशास्त्राचं उलट आहे, ते कामापुरतं वाढवत नेता येतं. कायदा शिकताना पुराव्याचा कायदा, कंपनी कायदा आणि स्पर्धा कायदा (भावाच्या संगनमताला आळा घालणारा) मन लावून करावा, संख्याशास्त्राचा हात सुटू देऊ नये. प्रयोगशाळेचा अहवाल वाचता आला पाहिजे. नमुना कोणी घेतला, सील कधी लागलं, कोणाकोणाच्या हातून गेलं, यातली एक कडी निसटली की भलाभक्कम खटला कोसळतो. विशेषीकरण नंतर. अमेरिकेतल्या अर्कान्सा विद्यापीठात कृषी व अन्न कायद्याची पदव्युत्तर पदवी आहे, नेदरलँड्सच्या वाखनिंगेन विद्यापीठातही अन्न कायदा शिकवतात.

पोटापाण्याचं म्हणाल, तर सरकारी अन्न नियामक, सरकारी वकिलांची कार्यालयं, नियम पाळले जातात का हे बघणारे कंपन्यांमधले अनुपालन विभाग, प्रमाणन संस्था, माल परत मागवण्याच्या जोखमीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या, सगळीकडे अशी माणसं लागतात. घोड्याच्या मांसाच्या प्रकरणानंतर ब्रिटनने तर अन्नगुन्ह्यांसाठी वेगळं तपास पथकच उभं केलं. पण तिला हेही सांगा, की न्यायालयातले रंगतदार दिवस थोडे. बाकी बीजकं, लेबलं, करारनामे आणि तक्ते. बहुतेक प्रकरणं परवाना निलंबन किंवा दंडावरच मिटतात. ज्याला कागदांचा कंटाळा येतो त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

तोवर एक करा. पार्क खटल्याचा निकाल इंटरनेटवर फुकट मिळतो. तो तिला पूर्ण वाचू द्या, तीन न्यायमूर्तींच्या विरोधी मतासकट. मग कोणाचं पटलं आणि का, हे तिने मला एका पानात लिहून पाठवावं. वडिलांचं मत नको, तुमचंही नको, तिचंच हवं. पुढचं मी तिच्याशीच बोलेन.