अर्डुइनो उनोवर प्रोगमेममधलं टेबल वाचताना भलत्याच व्हॅल्यू का येतात?

टेबल बरोबर आहे तुमचं, वाचायची पद्धत चुकतेय. उनो आर३ वरच्या ॲटमेगा ३२८पी चिपमध्ये फ्लॅश (प्रोग्राम कायमचा राहतो ती मेमरी) ३२ केबी आणि रॅम (चालू कामाची मेमरी) फक्त २ केबी, आणि दोन्हीचे पत्ते वेगवेगळे मोजले जातात, म्हणजे ५०० नंबरचा पत्ता फ्लॅशमध्येही आहे आणि रॅममध्येही. प्रोगमेम लिहिलं की डेटा फ्लॅशमध्ये राहतो, पण तुम्ही साधा चौकटी कंस टाकून इंडेक्सने वाचलं की प्रोग्राम तोच पत्ता रॅममध्ये शोधतो आणि तिथे जे पडलंय ते उचलून देतो, एरर वगैरे काहीच येत नाही, म्हणून तर माणूस तासन्‌तास अडकतो. एलिमेंटचा पत्ता 'पीजीएम अंडरस्कोर रीड अंडरस्कोर बाइट' ला द्या, १६ बिटचा डेटा असेल तर शेवटी बाइटऐवजी वर्ड.

आणि प्रोगमेमशिवाय नुसतं कॉन्स्ट (व्हॅल्यू बदलणार नाही असं सांगणारा शब्द) लिहून उनोवर रॅमची बचत होत नाही हो, स्टार्टअपला ते सगळं रॅममध्ये कॉपी होतं. सिरीयलवर छापायचे मेसेज असतील तर सरळ एफ मॅक्रोत गुंडाळा, म्हणजे ते फ्लॅशमध्येच राहतात.

ईएसपी३२ या दुसऱ्या चिपवर ही भानगड नाही, तिथे फ्लॅशही रॅमसारखीच साध्या पत्त्याने वाचता येते, कॉन्स्ट पुरतं.