माणसाला दुसऱ्याची किडनी बसवली तर जन्मभर गोळ्या. मग अँगलर मासोळीच्या अंगाला अख्खा नर जुळतो, तिला काहीच कसं होत नाही?

प्रश्न भारी आहे भाऊ. तुमच्या काकांना नागपूरला किडनी बसवली, तेव्हापासून गोळ्या सुटल्या नाहीत. इकडे मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात की खोल समुद्रातल्या या मासोळीचा नर मादीला चावून धरतो आणि तिच्यातच विरघळून जातो. मग तिचं अंग त्याला झिडकारत कसं नाही? थोडक्यात सांगायचं तर, परक्याला ओळखून मारणारी जी यंत्रणा काकांना गोळ्या घेऊन दाबावी लागते, ती या मासोळ्यांनी बरीचशी गमावलेलीच आहे. आता लांबण लावतो.

मी झुऑलॉजी शिकलो, पण पोट चालतं ते घरच्या संत्रा नर्सरीवर, शेंदुरजनाघाटला. समुद्राशी आपला संबंध मुंबईला गेलो तेव्हा पाय भिजवण्यापुरता. त्यामुळे खालचं सगळं वाचलेलं आहे, डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

नर विरघळत नाही, हे आधी घ्या. अँगलरच्या खोल पाण्यातल्या दीडशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या काहींतच नर कायमचा जुळतो. सेराटिअस होल्बोली ही त्यातली मोठी जात. मादी मीटरभराहून लांब, मोकळा नर जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा. जबड्याच्या टोकाला पकड घ्यायचे दात, ते खाण्यासाठी नाहीतच. मादी सापडली की तो बहुतेक वेळा तिच्या पोटाला धरतो. मग दोघांची कातडी एकमेकांत वाढते, रक्तवाहिन्या जुळतात आणि तिच्या रक्तातूनच त्याचं पोषण सुरू होतं. डोळे निकामी होतात, आतडं आक्रसतं. पण कल्ले चालू असतात, तोंडाच्या कडेला पाणी आत जायला फट उरते, हृदय धडधडत असतं. आणि गंमत म्हणजे तो झिजत नाही, वाढतो! चिकटलेले नर 10 सेंटिमीटरच्या वर गेलेले सापडले आहेत. या जातीत जुळल्याशिवाय ना नर वयात येतो ना मादी. क्रिप्टोप्सारस या तिच्या भाऊबंदातल्या जातीत तर एका मादीला आठ नर लागलेले आढळले आहेत, तेव्हा ‘खरं प्रेम’ लिहून हा व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

2025 च्या सुरुवातीला स्पेनच्या टेनेरिफ बेटाजवळ भर दिवसा वर पोहत आलेल्या काळ्या अँगलरचा व्हिडिओ जगभर फिरला. तो तुम्हीही पाहिला असेल. ती मेलॅनोसेटस जातीची मादी होती, थोड्याच वेळात मेली. तिच्या व्हिडिओखालीसुद्धा लोकांनी नर विरघळण्याची कहाणी चिकटवली. त्या जातीत नर तात्पुरता धरतो, काम झालं की सुटतो. आणि अक्राळविक्राळ वाटणारी ती मासोळी तळहाताएवढीच होती.

एवढा खटाटोप कशासाठी, तर हजार मीटरच्या खाली सूर्याचा उजेड पोचत नाही, पाणी बर्फागत थंड, खायला फारसं काही नाही आणि आपल्या जातीचं दुसरं कोणी कित्येक किलोमीटरपर्यंत नसण्याचीच शक्यता. मादी फिरत बसत नाही. पाठीवरच्या पराचा एक काटा कपाळावर दांडीसारखा लांब झालेला असतो, बहुतेक जातींत त्याच्या टोकाच्या गोळ्यात चमकणारे जिवाणू राहतात, त्या उजेडाला भुलून येईल ते गिळायचं. हिंडायचं काम नराचं. काही जातींत त्याच्या नाकपुड्या प्रचंड असतात, तिच्या वासाचा माग काढायला; काहींत डोळे मोठे. एकदा गाठ पडली की सोडून परत शोधत बसण्यात शहाणपण नाही.

नर म्हणजे नर आहे, हेसुद्धा बराच काळ कोणाला कळलं नव्हतं. 1922 मध्ये आइसलँडच्या बियार्नी सेमुंडसन यांना एका मादीला लागलेल्या दोन छोट्या मासोळ्या दिसल्या, त्यांनी ती पिल्लं समजली. 1925 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स टेट रीगन यांनी तसलीच एक चिरून पाहिली, तेव्हा उलगडा झाला.

आता तुमच्या मुद्द्यावर. आमच्याकडे जंबेरीच्या खुंटाला संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, भरतात. खुंटाच्या सालीला टी अक्षरासारखा काप द्यायचा, साल अलगद उचलून डोळा आत सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. काही दिवसांनी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा दिसला की लागला म्हणायचं. मग खुंट त्याला जन्मभर पोसतो. नर-मादीचं चित्र दिसायला अगदी हेच आहे, पण इथेच फसगत होते. झाडाच्या अंगात फिरून परक्याला हुडकणाऱ्या पेशी नसतात, म्हणून नात्यातल्या दोन झाडांचं कलम लागून जातं. मासे आपल्यासारखे पाठीचा कणा असलेले प्राणी. त्यांच्यात परक्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडी आहेत, परक्याला ओळखून मारणाऱ्या टी पेशी आहेत, म्हणजे परकं मांस नाकारायचं सगळं सामान आहे. एका माशाची कातडी दुसऱ्याला लावली तर मासाही ती टाकून देतो. मग अँगलरचं कलम लागतं कसं?

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतले थॉमस बोएम आणि जेरेमी स्वॉन यांनी अमेरिकेतले अँगलरचे जाणकार थिओडोर पीच यांना बरोबर घेऊन या माशांची जनुकं तपासली आणि 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. किडनी बसवण्याआधी डॉक्टर पेशींवरच्या ज्या आपलं-परकं ओळखायच्या एमएचसी खुणा जुळवून पाहतात, त्यांची जनुकं कायमचे जुळणाऱ्या जातींत जवळजवळ साफ झालेली होती. परक्या पेशी मारणाऱ्या टी पेशींचं कामही फार दुबळं किंवा बंद. नर तात्पुरता धरतो त्या जातींतसुद्धा अँटिबॉडी दिवसेंदिवस धारदार करणारं एक जनुक निकामी होतं. आणि जिथे एका मादीला अनेक नर लागतात, तिथल्या काही जातींत रॅग नावाची जनुकंच गेलेली. ती नसली तर अँटिबॉडी आणि टी पेशींवरचे परक्याला ओळखणारे रिसेप्टर तयारच होत नाहीत. माणसाच्या बाळात रॅग जन्मतः बिघडलेलं असेल तर साध्या जंतुसंसर्गानेही जीव जाऊ शकतो, दुसऱ्याचा अस्थिमज्जा बसवावा लागतो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. झिडकारण्याचा धोका दोन्ही बाजूंनी असतो. मादीने नराला नाकारू नये तसंच नराच्या रक्तातल्या पेशींनीही मादीवर हल्ला करू नये. जनुकं दोघांचीही त्याच जातीची, त्यामुळे बिनहत्यार दोघंही.

मग या मासोळ्या रोगाने मरत कशा नाहीत? प्रतिकारशक्तीचा आणखी एक जुना, ढोबळ भाग असतो. तो जंतू-जंतूत फार फरक करत नाही, दिसला परका की लगेच भिडतो. त्याच्यावरच त्या भागवत असाव्यात, असा या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

काकांच्या गोळ्या यामुळे सुटतील का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. अँगलरने जे गमावलं ते लाखो वर्षांत, पिढ्यान्‌पिढ्या. काकांची यंत्रणा जागेवर शाबूत आहे, गोळी तिला फक्त दाबून ठेवते, आणि दोन-चार दिवस चुकवली तर ती परत उठते. ढोबळ प्रतिकारशक्तीच्या जोरावर माणसाला कसं सांभाळता येईल, हे या माशांकडून शिकावं म्हणून संशोधन चालू आहे. पण काकांच्या गोळ्यांचं काय करायचं ते त्यांचे किडनीचे डॉक्टरच ठरवतील.