सोसायटीने मिळून शेतातली ताजी भाजी मागवली तर हृदयाला खरंच फायदा होतो का?

सोसायटीत वर्गणी काढून शेतकऱ्याकडून भाजी घ्यायची म्हणताय, पण बीपीवाल्यांना त्याचा उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय.

होतो, पण भाजी पोटात गेली तर. जुळे सोलापुरात आम्ही 12 घरं दर रविवारी मोहोळकडच्या एका शेतकऱ्याची भाजी घेतो. सुरुवातीला निम्मी मेथी, शेपू, अंबाडी सुकून घंटागाडीत जायची. खायला सगळे तयार, निवडायचं मात्र घरातल्या एकाच बाईने! शेवटी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून आम्ही पुरुषही निवडायला बसलो. काही जण अजूनही फक्त गप्पा मारतात, पण योजना टिकली ती त्या सतरंजीमुळेच.

अमेरिकेत डॉक्टर रुग्णाला फळं-भाज्यांची चिठ्ठी देतात आणि त्यावर कूपन मिळतं. 22 ठिकाणी चाललेल्या अशा 9 उपक्रमांचा एकत्र अभ्यास 2023 मध्ये आला. त्यात उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांच्या बीपीचा वरचा आकडा (120/80 मधला 120) सरासरी 8 ने उतरला होता. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून सगळं श्रेय भाजीला देऊ नका. आहाराने बीपी किती उतरतं हे तपासणाऱ्या 1997 च्या अमेरिकेतल्या डॅश प्रयोगात तुलना नीट होती. तिथे नुसती फळं-भाज्या वाढवून वरचा आकडा साधारण 3 ने उतरला. कमी चरबीचं दूध-दही जोडून एकूण चरबीही कमी केली, तेव्हा साडेपाचने.

म्हणजे भाजीने गोळी सुटत नाही. आमच्यातल्या एका काकांनी मेथीच्या भरवशावर सोडली होती, महिनाभरात परत चालू.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते, बटाटा सोडून. चौघांच्या घराला आठवड्याला 11 किलो झाले की! आमची पिशवी 5 किलोची, बाकीचं मंडईतून.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं, आणि आपली गोची तिथेच आहे. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी सोडा असं सोलापुरात सांगायची माझी छाती नाही. मी घरीच कमी मिठाची कुटतो, एवढंच.

घरात कुणाला किडनीचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायची वॉरफॅरिन चालू असेल, तर पालेभाजी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि सुरुवात थंडीत करा. एप्रिल-मेच्या उन्हात पालेभाजी दारात येईस्तोवर मान टाकते, तेव्हा आम्ही दुधी, दोडका, काकडीच घेतो.