पाणी दोन गल्ल्या अलीकडे थांबलं, आमच्या घरात आलं नाही. आता पुराचा विमा घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यंदा नदीचं पाणी तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर येऊन थांबलं. घर आरसीसी, दुमजली. खाली धाकटा भाऊ राहतो, वर तुम्ही. पत्नी म्हणतात विमा काढा. वडील म्हणतात पन्नास वर्षांत उंबऱ्याला पाणी शिवलं नाही, कशाला पैसे घालवायचे.

मी सांगलीचा, गावभागातला. तुमच्या वडिलांचं वाक्य आमच्या घरात शब्दशः बोललं गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2005 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी जवळपास 54 फुटांवर गेली होती. इथे इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची 45, त्यावरून अंदाज करा. आमच्या दारात तीन पायऱ्या आहेत. त्यातल्या दोन बुडाल्या आणि पाणी तिथंच थांबलं. ते उतरल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भिंतीवर खिळ्यानं रेघ ओढली आणि म्हणाले, "ह्याच्या वर कधी येणार नाही." आम्ही सगळ्यांनी ते मानलं. पुढं घरात नवीन फर्निचर केलं, तळमजल्यावर प्लायची कपाटं बसवली, पाण्याची मोटर जमिनीलगत ठेवली. त्या रेघेनं आम्हाला चौदा वर्षं निर्धास्त ठेवलं.

2019 च्या ऑगस्टमध्ये पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली. म्हणजे आधीपेक्षा साडेतीन फूट जास्त. घरात तीन फूट पाणी होतं, आणि ते आठवडाभर हललं नाही. सांगलीचा पूर येतो तसाच जातो सावकाश. हरिपूरला वारणा मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. त्या दोन्ही फुगलेल्या असल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढं सरकायला जागाच राहत नाही. घर उभं राहिलं, एक विटही हलली नाही. पण घरातलं म्हणाल तर गाद्या, फ्रीज, वॉशिंग मशीन, कपाटं, दिवाण, मुलीची पुस्तकं, वर्षभराचं धान्य, सगळं गाळात. मी वहीत एकेक वस्तू मांडली तेव्हा बेरीज तीन लाखांच्या पुढं गेली. सरकारकडून तेव्हा शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबाला 15 हजार आणि गावातल्या कुटुंबाला 10 हजार रुपये मिळाले. ती मदत त्या आठवड्यात फार उपयोगी पडली, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण ती चार दिवस निभावण्यासाठी असते. गेलेला संसार त्यातून भरून निघत नाही.

म्हणून वडिलांना एवढंच विचारा: यंदा पाणी थांबलं तिथली जमीन आणि आपला उंबरा, यांत उंचीचा फरक किती? अंतर किती हा प्रश्न नाही. दोन गल्ल्या म्हणजे दोनशे मीटर असतील, पण पाणी मीटरात येत नाही, फुटात चढतं. ओळखीतल्या एखाद्या सर्व्हेअरला किंवा बांधकामवाल्याला लेव्हल घेऊन बोलवा, तासाभराचं काम आहे. ज्या दिवशी पाणी तिथं होतं त्या दिवशी तुमच्या गावच्या पुलावर किंवा बंधाऱ्यावर किती फूट होतं ते शोधा. वर्तमानपत्रात आणि जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या पूर अहवालात ते असतं. दोन्ही आकड्यांची बेरीज केली की तुमच्या घराचा स्वतःचा आकडा मिळतो, म्हणजे पुलावर किती फूट झालं की पाणी उंबऱ्याला लागेल. माझा ढोबळ आकडा साडेचोपन्न फूट. 2021 च्या जुलैमध्ये पातळी 55 च्या आसपास गेली तेव्हा घरात घोट्याइतकं पाणी आलं, म्हणजे हिशेब बरोबर निघाला. नदीच्या पातळीइतकंच पाणी प्रत्येक गल्लीत चढतं असं नाही, उतार आणि नाले बदलतात. तरी आंधळेपणानं ठरवण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

तुमचा फरक पंधरा-वीस फूट निघाला तर पुराची भीती मनातून काढून टाका. तीन-चार फूट निघाला तर तुम्ही 2005 मधल्या माझ्या जागी उभे आहात.

दुसरी गोष्ट पूररेषेची. जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल रेषा आखतो. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात नकाशा बघायला मिळतो. "शंभर वर्षांतून एकदा" ऐकून लोक समजतात की एकदा येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. तसं नसतं. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता. अशी तीस वर्षं जोडली तर ती शक्यता 26 टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घराला दर वर्षी चार टक्के, आणि वीस वर्षांत निम्म्याहून जास्त. नदी मागचा हिशेब ठेवत नाही. आम्ही 2019 नंतर दोनच वर्षांत पुन्हा घर धुतलं.

आता विम्याचं. आपल्याकडे घरासाठी निव्वळ पुराची वेगळी पॉलिसी शोधत बसू नका. घराच्या विम्यातच पूर येतो. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी देणं बंधनकारक झालं. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. शामरावनगरसारख्या सखल भागात नदी न येता नुसतं पावसाचं पाणी तुंबूनही घरं बुडतात, त्यांच्यासाठी हे "पाणी साचणं" महत्त्वाचं.

घराची रक्कम ठरवताना लोक हमखास चुकतात. बाजारभाव धरायचा नसतो, कारण जमीन वाहून जात नाही. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, गुणिले आज बांधायचा चौरस फुटाचा खर्च, एवढंच. समजा 1,500 चौरस फूट आणि खर्च 2,000 रुपये, तर 30 लाख. घराचा असा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे या हिशेबात 6 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. कमाल मर्यादा 10 लाख. सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घेता येते. माझ्या मते तुमच्यासारख्या आरसीसी घराला खरी गरज या सामानाच्या भागाची आहे. आपल्या भागातल्या पुरात पक्की घरं सहसा पडत नाहीत, संसार वाहतो. माती-कौलाचं जुनं घर असतं तर मी उलट सांगितलं असतं. आणि हो, बांधकाम जसं असेल तसंच अर्जात लिहा. मागे पत्र्याची खोली असेल तर तीही लिहा.

गृहकर्ज चालू असेल तर आधी बँकेची कागदपत्रं काढून बघा. बँकेनं कर्ज देतानाच विमा काढलेला असतो, आणि आपण निश्चिंत असतो. माझ्या मेहुण्याचं तसंच झालं. पॉलिसी निघाली ती फक्त इमारतीची, कर्जाच्या रकमेइतकी. सामानाचा त्यात एक शब्द नव्हता, आणि हे कळलं पाणी उतरल्यावर.

रोख रक्कम आणि कागदपत्रं यांत धरत नाहीत. दागिने हवे असतील तर मूल्य ठरवून वेगळे नोंदवावे लागतात. सातबारा, दाखले, पासबुकं वरच्या मजल्यावर ठेवा, त्यावर दुसरा उपाय नाही.

हप्ता किती, हे घर, गाव आणि कंपनी यावर ठरतं, म्हणून माझा आकडा देऊन तुमची दिशाभूल करत नाही. एवढं सांगतो की माझा वर्षाचा हप्ता माझ्या एका मोबाईलच्या वर्षभराच्या रिचार्जपेक्षा कमी आहे. दोन-तीन कंपन्यांकडून लेखी आकडे मागवा. "पूर यात आहे ना?" हे तोंडी विचारून थांबू नका. पॉलिसीच्या मसुद्यात ते कुठं लिहिलंय ते एजंटला बोट ठेवून दाखवायला सांगा.

दुकान असेल तर नियम वेगळे, आणि तिथं जास्त सावध राहायला लागतं. घराच्या या पॉलिसीत रक्कम थोडी कमी धरली गेली तरी दाव्यात त्यावरून कपात होत नाही. दुकानाच्या मालात होते. दहा लाखांचा माल आणि विमा पाच लाखांचा असेल, तर चार लाखांच्या नुकसानीला दोनच लाख हातात येतात. छोट्या व्यवसायाच्या प्रमाणित पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढं नाही. दिवाळीसाठी भरलेला माल रक्कम ठरवताना धरायला विसरतात लोक. तळघरात माल ठेवत असाल तर त्याबद्दलही लेखी विचारा.

गाडीचं एका ओळीत: नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचा पैसाही मिळत नाही, आणि बुडालेली गाडी कधीही चावी फिरवून चालू करून बघू नका, कारण त्यानं बिघडलेलं इंजिन वेगळं संरक्षण घेतल्याशिवाय सहसा धरत नाहीत.

आता जे मी चुकलो ते. 2020 मध्ये मी विमा काढला आणि 2021 ला घोट्याइतकं पाणी आलं. नुकसान मागच्या इतकं नव्हतं: कपाटांचं प्लाय फुगलं, गाद्या गेल्या, मोटर जळली. पाणी उतरताच आम्ही नेहमीप्रमाणे कामाला लागलो. भिजलेलं सगळं रस्त्यावर काढलं आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा ट्रॅक्टर ते घेऊन गेला. चौथ्या दिवशी कंपनीचा सर्वेक्षक आला तेव्हा दाखवायला ओल्या भिंती आणि रिकाम्या खोल्या होत्या. गाद्यांचे पैसे त्यामुळं मिळाले नाहीत. मोटरचे मिळाले, कारण ती जड म्हणून अंगणातच पडून होती. कपाटं भिंतीत बसवलेली असल्यामुळं तीही मान्य झाली. पैसे यायला दोन महिने आणि माझे बरेच फोन लागले.

तेव्हापासून मे महिन्याच्या शेवटी मी मोबाईल घेऊन घरभर फिरतो. प्रत्येक खोलीचा, उघड्या कपाटांचा, फ्रीज-मशीनच्या मागच्या नंबरच्या पट्टीचा व्हिडिओ काढतो आणि पुण्याला बहिणीला पाठवून ठेवतो. बिलांचे फोटो पण. पाणी आलंच, तर कंपनीला त्याच दिवशी कळवायचं, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा आणि सर्वेक्षक येईपर्यंत काही टाकायचं नाही. घाण वास सहन होत नसेल तर बाहेर काढा, पण प्रत्येक वस्तूचा भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट फोटो घ्या, आणि "आम्ही सामान हलवतोय" असं कंपनीला लेखी कळवा. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. कंपनीनं चुकीच्या कारणानं दावा नाकारला तर आधी त्यांच्याच तक्रार विभागाकडे लिहायचं आणि तिथं न्याय मिळाला नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, अर्जाला फी नाही, वकील लागत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: उंचीचा फरक सहा-सात फुटांच्या आत असेल तर घ्या, आणि मे संपायच्या आत घ्या. धरणातून विसर्ग सुरू झाल्याच्या बातम्या आल्यावर एजंटला फोन करणारे दर वर्षी बघतो मी. त्या वेळी कुणी नीट उत्तर देत नाही. फरक त्याहून जास्त असेल तर पुरासाठी घाई नाही. आग आणि भूकंपाचा विचार करून सवडीनं घ्या. विम्यासोबत तळमजल्यावरचे विजेचे बोर्ड चार फूट वर घेतले आणि मोटर चौथऱ्यावर बसवली तर तेवढं नुकसान मुळातच टळेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण महत्त्वाची आहे. पाणी आलं तर ते तळमजल्यावर येणार, म्हणजे सामान जाणार ते भावाचं. तुमच्या नावावर पॉलिसी काढली आणि त्याची चूल वेगळी असेल, तर त्याच्या फ्रीज-कपाटावर तुमचा हक्क काय, हा प्रश्न दाव्याच्या वेळी निघू शकतो. घर दोघांच्या नावावर असेल तर पॉलिसीतही दोघांची नावं घाला. नसेल तर भावाला त्याच्या नावानं फक्त सामानाची पॉलिसी काढायला सांगा, भाडेकरू काढतात तशी. या रविवारी त्याला वर बोलवून हे आधी बोला.