साल्सा कालवायचा की वाटायचा?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "तोतापुरी आंबा, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घालून घरी साल्सा केला. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, 'ही तर आंब्याची कोशिंबीर.' मुलगी म्हणते चटणी. साल्साला मराठी शब्द कोणता? आणि 'तो साल्सा' की 'ती साल्सा'?"

सासूबाईंचं बरोबर आहे. का, ते सांगते.

मराठीत तोंडीलावण्याचं नाव त्यात काय घातलं यापेक्षा हाताने काय केलं यावर जास्त ठरतं. चटणी वाटतात किंवा कुटतात. ठेचा ठेचतात. भरताचं वांगं भाजून कुस्करतात. लोणचं घालतात आणि मुरवतात. कोशिंबीर मात्र चिरून किंवा किसून कालवतात. तोच कांदा, तीच मिरची, तीच कोथिंबीर या सगळ्यांत फिरत असते, पण क्रियापद बदललं की पदार्थाचं नाव बदलतं. तुम्ही आंबा चिरलात, कांदा चिरलात आणि हलक्या हाताने कालवलंत. पाटा-वरवंटा किंवा मिक्सर कुठेच आला नाही, म्हणून चटणी बाद. मुलीची मात्र अगदीच चूक नाही. मेक्सिकोत 'साल्सा' हा शब्द फार ऐसपैस आहे. तिथे टोमॅटो आणि मिरच्या भाजून मोल्काहेते नावाच्या खडबडीत दगडी खलात रगडतात, तोही साल्साच, आणि त्याचं नातं आपल्या ठेच्याशी आहे. कच्चंच चिरून कालवलेल्याला 'साल्सा क्रूदा', म्हणजे कच्चा साल्सा म्हणतात. एका स्पॅनिश शब्दाच्या पोटात आपले चार-पाच शब्द बसतात, म्हणून 'साल्सा म्हणजे अमुक' असा एकास एक प्रतिशब्द देता येत नाही. तुमच्या वाटीतल्या साल्साला देता येतो.

या चिरलेल्या प्रकाराचं मेक्सिकोतलं आणखी एक नाव मला फार आवडतं: 'पिको दे गायो', म्हणजे कोंबड्याची चोच. हे नाव का पडलं याची अनेक कारणं सांगतात. हालिस्को प्रांतात तर या नावाने फळांचीच कोशिंबीर मिळते. हिकामा नावाचं कुरकुरीत कंदमूळ, संत्रं, काकडी आणि वरून लिंबू-मिरची. आता आपल्याकडे बघा. खमंग काकडी करताना काकडी किसायची नसते, 'चोचवायची' असते. हातात धरून सुरीचे उभे-आडवे घाव घालायचे आणि मग बारीक तुकडे पाडायचे. हा शब्द ऐकला की चोच डोळ्यांपुढे येतेच. दोन्ही भाषांचा इथे काही संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे, पण असा योगायोग भेटला की दिवस चांगला जातो. आणि 'चोचवणे' हे क्रियापद आता कमी ऐकू येतं. तुम्ही साल्साच्या निमित्ताने मुलीच्या कानावर घाला, ही माझी मनापासून विनंती.

'साल्सा'चा मूळ अर्थ मात्र आपल्याला वेगळ्याच पदार्थाकडे नेतो. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ आणि 'साल्सा' म्हणजे खारवलेली. इंग्रजीतला सॉस त्याच शब्दाचा फ्रेंचमार्गे आलेला भाऊ आणि सॅलड हेही मिठातूनच निघालेलं. आपल्याकडे मिठाला संस्कृतात लवण आणि त्यातून झालं 'लोणचं'. म्हणजे अर्थाने पाहिलं तर साल्साचा जुळा शब्द लोणचं आहे, कोशिंबीर नव्हे! मिठाशिवायचं ते 'अळणी', तेही अ-लवणच. चेहऱ्यावरचं लावण्यसुद्धा याच घरातलं. ज्यात मीठ आहे ते गोड दिसतं, असा विचार त्यामागे असावा. आणि मराठीतलं 'मीठ' तर 'मिष्ट'वरून आलेलं. हिंदीत त्याचा 'मीठा' झाला, आपल्याकडे खारट मीठ झालं. 'लोणी' मात्र या कुळात ओढू नका, ते नवनीतापासून आलं आहे.

म्हणून काय साल्साला लोणचं म्हणायचं? नाही. व्युत्पत्ती शब्द कुठून आला ते सांगते, आज तो कुठे नांदतो ते वापर सांगतो. लोणचं मुरावं लागतं आणि ताजा साल्सा मुरला की बिघडतो.

फळं घातलेलं आपलं काही नाही का, असंही तुमच्या मनात येईल. आहे की. गोव्यात घोटांचं (म्हणजे छोट्या रायवळ आंब्यांचं), अननसाचं सासव करतात. कोकणात रायवळ आंब्यांचं रायतं. सासव म्हणजे मोहरी आणि रायत्यातली राई म्हणजेही मोहरी, म्हणजे इथे नाव मसाल्यावरून पडलं. माझा वरचा नियम इथे थोडा वाकतो, हे कबूल करायला हवं. पण दोन्हींत खोबरं-मोहरीचं वाटण आणि गूळ असतो, त्यामुळे साल्साला ही नावं शोभणार नाहीत. जवळची वाटते ती पचडी. हा शब्द दक्षिणेकडचा; तमिळमध्ये 'पच्चै' म्हणजे हिरवं, कच्चं. पण मराठी पचडीत कोबी-मुळ्यासारख्या भाज्याच डोळ्यांसमोर येतात, फळं नाहीत.

मग 'साल्सा' शब्द टाकून द्यायचा? मुळीच नाही. परक्या वस्तूंना मराठीने दोन्ही वाटांनी घरात घेतलं आहे. पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून तिखट फळ आलं, तेव्हा ओळखीच्या मिऱ्यावरून त्याला 'मिरची' म्हटलं. अननस आला तो मात्र आपलं नाव घेऊनच आला आणि तेच राहिलं. साल्सा अननसाच्या वाटेने आला आहे. सासूबाईंना समजावताना 'मेक्सिकोकडची कोशिंबीर' म्हणा, पाहुण्यांना वाढताना 'साल्सा' म्हणा. शेंगदाण्याचं कूट, दही किंवा फोडणी घातलीत, तर मात्र सरळ कोशिंबीरच म्हणा. चवीने घर बदललं की नावानेही बदलावं.

आता तो की ती. स्पॅनिशमध्ये साल्सा स्त्रीलिंगी आहे, पण परभाषेतलं लिंग आपल्यावर बंधनकारक नाही. आकारान्त पाहुण्यांना मराठी बहुधा पुल्लिंगी करते: तो पिझ्झा, तो पास्ता. म्हणून 'आंब्याचा साल्सा झाला'. 'आंब्याची साल्सा' हे मला खटकतं. (नाचाचा साल्साही पुल्लिंगीच, 'तो साल्सा शिकतो'.) 'साल्साला, साल्सात' की 'साल्स्याला, साल्स्यात'? रस्त्याला, डब्यात या चालीने दुसरं रूप नियमात बसतं आणि शब्द जसजसा रुळेल तसतसं तेच तोंडी बसेल असं मला वाटतं. आज पहिलं जास्त ऐकू येतं आणि तेही चूक ठरवू नये. अनेकवचनाची गरज क्वचितच पडते. पडली तर 'दोन साल्से' खुशाल म्हणा.

क्रियापद मात्र जपा. साल्सा 'बनवू' नका, 'करा' किंवा 'कालवा'. कृतीत लिहिताना मी असं लिहीन: "दोन घट्ट तोतापुरी आंबे सोलून बारीक चिरावेत. एक छोटा कांदा चिरून पाण्यातून काढावा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. एक-दोन मिरच्या, मूठभर कोथिंबीर आणि एका लिंबाचा रस घालून कालवावं. मीठ ऐनवेळी घालावं, नाहीतर पाणी सुटतं." पिकलेला हापूस यासाठी नको, कालवताना त्याचा लगदा होतो आणि मग मुलगी पुन्हा चटणी म्हणेल.

वाढतानाचा शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण तोही सांगते. मक्याच्या चिप्सबरोबर दिलात तर तो 'लावून खायचा'. पानात वाढलात तर तो डावीकडे, लिंबाच्या फोडीशेजारी.