लहान मुलांची भूल: वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न: आमचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. उजव्या जांघेत हर्निया आहे, रडला की फुगतो. सर्जन म्हणतात पंधरा दिवसांत ऑपरेशन करून घ्या. पण तीन वर्षांखालच्या मुलांना भूल दिली तर मेंदूवर परिणाम होतो, असा मेसेज नात्यातल्या सगळ्यांनी पाठवला आहे. तीन वर्षांचा होईपर्यंत थांबलो तर चालेल का?
— एक आई, कराड

थांबू नका. या वयात जांघेतला हर्निया अडकण्याची भीती मोठ्या मुलांपेक्षा जास्त असते. आतडं अडकलं, तर मध्यरात्री घाईत ऑपरेशन करावं लागतं. तेव्हा पोट फुगलेलं असतं, बाळ उलट्या करून कोरडं पडलेलं असतं, आणि ती भूल आजच्या भुलेपेक्षा कितीतरी धोक्याची असते.

आता त्या मेसेजबद्दल. 2003 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांच्या सात दिवसांच्या पिल्लांना भुलेची औषधं एकत्र करून सहा तास दिली. त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेलेल्या आढळल्या आणि ती पिल्लं पुढे शिकण्यातही मागे पडली. हे निष्कर्ष गंभीर होते आणि ते गांभीर्यानेच घेतले गेले. डिसेंबर 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, इशारा दिला: तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा भूल दिली, तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मेसेज पुढे पाठवताना ‘तीन तासांहून जास्त किंवा पुन्हा पुन्हा’ हे शब्द गळून पडतात आणि ‘तीन वर्षांखाली’ एवढंच उरतं.

माणसाच्या बाळात हे तपासणं फार अवघड होतं. भूल मिळालेली मुलं आणि न मिळालेली मुलं यांची नुसती तुलना करून भागत नाही. ज्याला भूल लागली त्याला आजारही होता, मग फरक आजारामुळे की भुलेमुळे, हे कसं ओळखणार? यावर ‘गॅस’ नावाच्या चाचणीने काढलेला तोडगा आम्हाला आजही फार मोलाचा वाटतो. त्यांनी तुमच्या बाळाचाच आजार निवडला. जांघेतला हर्निया पूर्ण भुलेखाली करता येतो, तसाच बाळ जागं असताना पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करूनही करता येतो. म्हणजे आजार एक, ऑपरेशन एक, फरक फक्त भुलेचा. 7 देशांतल्या 28 रुग्णालयांत 722 बाळांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. पूर्ण भुलेच्या गटाला सेव्होफ्लुरेन हा वायू दिला, तोही साधारण 54 मिनिटं. मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला. मोजणाऱ्याला मूल कोणत्या गटातलं हे माहीत नव्हतं. सरासरी आली जागेपणीच्या गटात 99.08 आणि पूर्ण भुलेच्या गटात 98.97. हा निकाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी 2016 मध्ये अमेरिकेत सख्ख्या भावंडांच्या 105 जोड्या तपासल्या होत्या. एकाला लहानपणी हर्नियासाठी भूल मिळालेली, दुसऱ्याला नाही. तिथेही बुद्ध्यांकात फरक सापडला नाही.

एका तासाच्या, एकदाच दिलेल्या भुलेबाबत म्हणूनच आम्ही ठामपणे सांगतो की घाबरू नका. अनेकदा भूल घ्यावी लागलेल्या मुलांबाबत तितकं ठाम सांगता येत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या 2018 च्या अभ्यासात अशा मुलांचा बुद्ध्यांक सारखाच होता, पण विचाराचा वेग आणि बोटांची बारीक कामं यांत ती किंचित मागे होती. त्यात मूळ आजाराचा वाटा किती, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती मात्र भूलतज्ज्ञांना नक्की सांगा: बाळ पुऱ्या दिवसांचं जन्मलं का? गर्भाचे आठवडे आणि जन्मानंतरचे आठवडे मिळून बेरीज 60 च्या खाली असेल, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास भुलेनंतर मध्येच थांबू शकतो. तुमचं बाळ 22 आठवड्यांचं धरू. 40 व्या आठवड्यात जन्मलं असेल तर बेरीज 62. पण 32 व्या आठवड्यात जन्मलं असेल तर 54, आणि मग त्या रात्री बाळाला मॉनिटर लावून रुग्णालयातच ठेवायला हवं. ‘सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी’ असं कुणी म्हटलं, तर ही बेरीज त्यांच्यासमोर मांडा.

प्रश्न: नातीचं टॉन्सिलचं ऑपरेशन ऐन वेळी रद्द केलं. कारण काय, तर सर्दी! टॉन्सिलच्या मुलांना सर्दी असणारच ना? मुंबईहून रजा काढून आलेला मुलगा परत गेला.
— एक आजोबा, चिपळूण

तुमची चिडचिड समजते, तरीही तो निर्णय बरोबर होता असं आम्हाला वाटतं. 2017 च्या युरोपातल्या मोठ्या पाहणीत 33 देशांतल्या सुमारे 31 हजार भुलींची नोंद झाली. त्यात 5.2 टक्के वेळा गंभीर घटना घडली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा श्वासाच्या अडचणींचा होता. पालक आम्हाला मेंदूबद्दल विचारतात, आमचं लक्ष मात्र सर्वांत आधी श्वासाकडे असतं.

सर्दीत श्वासमार्गाचं अस्तर सुजलेलं आणि चिडलेलं असतं. भुलेत जाताना किंवा बाहेर येताना स्वरयंत्रावर कफाचा एक थेंब पडला, तरी ते घट्ट मिटून बसतं. छाती वर ओढली जाते पण हवा आत जात नाही, आणि लहान मुलाचे ओठ बघता बघता निळे पडतात. जबडा पुढे उचलून मास्कने दाबाखाली प्राणवायू देतात. तेवढ्याने सुटलं नाही, तर शिरेतून औषध देऊन भूल खोल करतात किंवा स्नायू सैल करतात. टॉन्सिलमध्ये तर रक्त आणि लाळ तिथेच, स्वरयंत्राच्या डोक्यावर असते.

ऑस्ट्रेलियात पर्थच्या रुग्णालयात 9,297 मुलांवर केलेला, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे कामाचा आहे. सर्दी चालू असेल किंवा गेल्या दोन आठवड्यांत होऊन गेली असेल, तर धोका वाढलेला दिसला. दोन आठवडे उलटून गेले असतील, तर वाढलेला दिसला नाही. म्हणून नवी तारीख सर्दी गेल्यापासून किमान दोन आठवड्यांनी घ्या. नुसतं पातळ पाणी गळतंय आणि मूल खेळतंय, अशा वेळी पुष्कळदा ऑपरेशन होतं. ताप, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ओला खोकला, छातीत घरघर, यांपैकी काही असेल तर मात्र थांबावं. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, भावंडांना दमा किंवा मुलीला इसब असेल, तर तेही सांगा. या सगळ्यांनी धोका वाढतो, हे त्याच अभ्यासात दिसलं.

पर्थमध्येच टॉन्सिलच्या मुलांवर आणखी एक चाचणी झाली, 2019 ची. भुलेआधी साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे दोन पफ, म्हणजे 200 मायक्रोग्रॅम दिल्यावर श्वासाच्या अडचणी जवळपास 48 टक्क्यांवरून 28 टक्क्यांवर आल्या. पुढच्या तारखेला हे पफ देता येतील का, एवढं जरूर विचारा. घरचा पंप मात्र आपल्या मनाने देऊ नका.

प्रश्न: दोन वर्षांच्या मुलाला रात्री दहापासून पाण्याचा थेंबही दिला नाही. ऑपरेशन दुपारी एकला झालं. हे गरजेचं होतं का?
— एक वडील, नांदेड

नाही. खाण्याला सहा तास, आईच्या दुधाला चार आणि स्वच्छ पाण्याला दोन तास, हा आपल्याकडचा रूढ नियम आहे. युरोपच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी तो आणखी सैल केला: आईचं दूध तीन तास आधीपर्यंत, पाणी एक तास आधीपर्यंत. मुलाच्या जठरातलं निम्मं पाणी साधारण अर्ध्या तासात पुढे सरकतं. उलट पंधरा तास कोरडं ठेवलेल्या मुलाची साखर आणि रक्तदाब घसरू शकतो, आणि सुईसाठी शीर सापडत नाही.

स्वच्छ म्हणजे ज्यातून पलीकडचं दिसतं ते: पाणी, साखरपाणी, गाळलेला सफरचंदाचा रस. दूध घातलेला चहा, पेज, भाताचं पाणी, गर असलेलं सरबत यात बसत नाही. बाहेरच्या दुधाला सहा तास धरा. शेवटचं पाणी किलोमागे 3 मिली, म्हणजे बारा किलोच्या मुलाला 36 मिली, दोन-तीन मोठे चमचे. चूक बहुधा अशी होते की यादीतल्या सगळ्यांना ‘रात्रीपासून उपाशी’ हा एकच निरोप जातो. म्हणून आदल्या दिवशी विचारा: आमचा नंबर कितवा, आणि पाणी किती वाजेपर्यंत द्यायचं?

प्रश्न: शुद्धीवर येताना मुलगी मला ओळखेना. लाथा मारत होती, सलाईन उपटत होती. डोक्याला काही झालं असेल का?
— एक आई, पणजी

नाही. सेव्होफ्लुरेननंतर, विशेषतः दोन ते सहा वर्षांच्या मुलांत, हे दिसतं. मूल डोळ्याला डोळा देत नाही, समजूत काढली तरी शांत होत नाही. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवतही नाही. आधी वेदना आहेत का ते पाहावं लागतं, कारण दोन्ही सारखंच दिसतं. पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर हा प्रकार आधीच सांगा. शेवटी शिरेतून प्रोपोफॉल या भुलेच्या औषधाचा छोटा डोस दिला, किंवा डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध वापरलं, तर तो कमी होतो.

प्रश्न: पाच वर्षांच्या मुलाचं हायपोस्पॅडियासचं (लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असण्याचं) ऑपरेशन मेडिकल कॉलेजात आहे. तिथल्या डॉक्टरांनी अभ्यासात नाव घालू का विचारलं. माकडहाडापाशी इंजेक्शन देणार, त्यात एका गटाला जास्तीचं औषध. आमच्या लेकरावर प्रयोग करू द्यावा का?
— एक पालक, सोलापूर

‘हो’ म्हणणं गैर नाही आणि ‘नाही’ म्हटल्याने उपचार बदलता कामा नयेत. हे इंजेक्शन म्हणजे कॉडल. ते अभ्यासाबाहेरही रोज दिलं जातं: मूल भुलेत गेल्यावर कुशीवर वळवून 0.25 टक्के बुपिवाकेन हे बधिर करणारं औषध, किलोमागे अर्धा ते एक मिली. मुलगा 15 किलोचा असेल तर 15 मिली ही वरची मर्यादा. त्याचा गुण चार ते सहा तास टिकतो. त्यात डेक्समेडेटोमिडिन मिसळलं की वेळ वाढतो, पण मूल जास्त झोपाळू राहतं आणि नाडी मंदावू शकते. अभ्यास बहुधा याच फायद्या-तोट्याचा असतो.

वेदना कशी मोजणार हे विचारा. या वयात बहुधा पाच गोष्टी पाहतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि कुशीत घेतल्यावर शांत होणं. प्रत्येकीला 0, 1 किंवा 2 गुण. हनुवटी थरथरते आणि पाय पोटाशी ओढले जातात, तिथे दोन-दोन. बेरीज चारच्या वर गेली तर ताबडतोब कोणतं औषध देणार? या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर सही करू नका. कोणत्याही गटात मूल वेदनेत ठेवलं जाता कामा नये.

माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. त्यावर नीतिसमितीचा फोन नंबर आणि सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक असायला हवा. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च तुमच्यावर येता कामा नये, आणि सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं. मुलगा सात वर्षांचा असता, तर आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या सूचनांप्रमाणे त्याचीही तोंडी संमती विचारावी लागली असती. पाचव्या वर्षीही त्याला समजेल असं सांगाच.

प्रश्न: घरी गेल्यावर दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किती द्यायचं?
— एक काकू, डोंबिवली

किलोमागे 15 मिलीग्रॅम, दोन डोसांत सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. ‘एक चमचा’ हे माप विसरा, कारण बाटल्या वेगवेगळ्या असतात. दहा किलोच्या मुलाला 150 मिलीग्रॅम हवं. 5 मिलीत 120 मिलीग्रॅम असलेल्या सिरपचं ते 6.25 मिली होतं, 5 मिलीत 250 असलेल्याचं 3 मिली, आणि 1 मिलीत 100 असलेल्या थेंबांचं फक्त दीड मिली. थेंबांची बाटली चमच्यात ओतली तर डोस तिप्पट-चौपट होतो. बाटलीवरचा आकडा वाचून सिरिंजनेच मोजा. कॉडल दिलेलं असेल तर पहिला डोस त्याचा गुण उतरायच्या आधी, म्हणजे साधारण चार तासांनी द्या. रुग्णालयात शेवटचा डोस कधी दिला ते मात्र आधी विचारून घ्या. घरात मोठ्यांसाठी आणलेलं कोडीन किंवा ट्रामाडॉल बारा वर्षांखाली अजिबात नको: काही मुलांच्या यकृतात त्याचं इतक्या वेगाने तीव्र औषधात रूपांतर होतं की झोपेतच श्वास मंदावतो.